प्रवासी विमानाचा वैमानिक: परवाना, पात्रता आणि निर्णय

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात असलेल्या नांदूरघाटचा विमान वाहतुकीशी थेट संबंध शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही; जिल्ह्यात नियमित प्रवासी विमाने उतरतील असा विमानतळ नाही, आणि खुद्द बीड शहरात रेल्वेगाडीसुद्धा १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पहिल्यांदा धावली. तरीही भारतीय वैमानिकांच्या कर्तव्यांचा विचार करताना बीडचे नाव टाळता येत नाही, कारण देशातील एका मोठ्या विमान अपघाताच्या चौकशीत अपघाताच्या दोन कारणांपैकी एक म्हणून ‘बीड रस्ता’ नोंदला गेला आहे. त्या अपघाताकडे येण्यापूर्वी वैमानिक होण्यासाठी कोणती पात्रता लागते आणि ती तशीच का ठरवली गेली, हे पाहणे आवश्यक आहे. विमान हवेत नेणे व खाली आणणे म्हणजेच वैमानिकाचे काम अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी कायदा आणि प्रशिक्षण यांचा रोख मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीवर आहे: कोणत्या क्षणी उड्डाण करायचे नाही, कोणत्या क्षणी उतरायचे नाही आणि कोणत्या दिवशी विमानात बसायचेच नाही, हे ठरवण्याची क्षमता.

भारतात वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे बोलीभाषेतील ‘डीजीसीए’, ही केंद्र सरकारची यंत्रणा देते. विमान वाहतुकीचा मूळ कायदा १९३४ चा आणि त्याखालील नियम १९३७ चे. त्या जुन्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. परवाना एकच नसतो, त्याच्या पायऱ्या असतात. वयाच्या सोळाव्या वर्षी विद्यार्थी-वैमानिकाचा, सतराव्या वर्षी खासगी वैमानिकाचा, अठराव्या वर्षी व्यावसायिक वैमानिकाचा आणि एकविसाव्या वर्षी विमान कंपनीच्या मुख्य वैमानिकाला लागणारा सर्वोच्च परवाना, असा हा क्रम आहे. खासगी परवानाधारकाला विमान चालवता येते, पण त्याबद्दल मोबदला घेता येत नाही. पगारी नोकरीचे दार उघडते ते व्यावसायिक परवान्याने, ज्याला विद्यार्थी ‘सीपीएल’ म्हणतात.

सीपीएलसाठी भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण असणे ही अट दीर्घकाळ चालत आली आहे. कला वा वाणिज्य शाखेतून बारावी झालेले अनेक जण हे दोन विषय मुक्त विद्यालयातून नंतर देतात आणि ती वाट कायदेशीर आहे. केज किंवा अंबाजोगाईत विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही अट जड वाटत नाही. त्याची गैरसोय होते ती वेगळ्या कारणाने. वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणासाठी ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातील पालकांना प्रवेशपरीक्षा, गुणवत्ता यादी आणि शासकीय जागा अशी एक सरळ वाट दाखवून दिली, परंतु वैमानिक होण्याची अशी एकच एक प्रवेशपरीक्षा देशात नाही. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी स्वतःची परीक्षा घेते, काही विमान कंपन्या आपापल्या चाचण्या घेतात, आणि बाकीच्या बहुतेक संस्थांत पात्रता व पैसा असलेल्यास प्रवेश मिळतो. त्यामुळे या क्षेत्रात माहितीअभावी होणारे नुकसान गुणांअभावी होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते.

अशा नुकसानाचा सर्वात सामान्य प्रकार म्हणजे शुल्क आधी भरणे आणि वैद्यकीय तपासणी नंतर करणे. व्यावसायिक वैमानिकास प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. आधी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून द्वितीय श्रेणीची तपासणी होते आणि मग प्रथम श्रेणीसाठी बंगळुरूची हवाई दलाची वैमानिकीय वैद्यक संस्था किंवा अन्य मान्यताप्राप्त केंद्र गाठावे लागते. हृदयाचा आलेख, श्रवणशक्ती, रक्त-लघवी, दृष्टी आणि रंगांची ओळख यांची तेथे बारकाईने तपासणी होते. चष्मा असल्यास वैमानिक होता येत नाही हा गावोगावचा समज चुकीचा आहे. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर तो चालतो. मात्र रंगांधत्व ही गंभीर अडचण ठरते, कारण धावपट्टीच्या कडेचे दिवे, विमान योग्य उतारावर आहे की नाही हे सांगणारे लाल-पांढरे दिवे आणि वैमानिकासमोरच्या पडद्यांवरील इशारे हे सगळे रंगांच्या भाषेत बोलतात. रंगांधळ्या माणसाला आपण रंगांधळे आहोत हे अनेकदा तपासणीपर्यंत ठाऊकच नसते. म्हणून पहिला खर्च तपासणीचा आणि दुसरा प्रशिक्षणाचा, हा क्रम कोणत्याही जाहिरातीने बदलू देता कामा नये.

तपासणीनंतर अभ्यास सुरू होतो. हवाई नौकानयन, म्हणजे विमानाची दिशा, वारा आणि इंधन यांचे गणित, विमान-हवामानशास्त्र, हवाई नियम, आणि विमानाची तांत्रिक रचना, या विषयांच्या डीजीसीएच्या परीक्षांत किमान ७० टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो आणि इंग्रजी संभाषणाची आंतरराष्ट्रीय पातळी किमान चौथी असावी लागते. सहा पातळ्यांच्या या मापात चौथ्या पातळीवरील वैमानिकाला दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना या अटीची धास्ती वाटते. प्रत्यक्षात येथे साहित्यिक इंग्रजी अपेक्षित नसून ठरलेले शब्द स्पष्ट उच्चारणे, ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवणे आणि नेहमीपेक्षा वेगळे काही घडल्यास ते साध्या वाक्यांत सांगता येणे एवढेच अपेक्षित असते, आणि सरावाने ते साधते.

यानंतर येतात ते २०० तास. सीपीएलसाठी किमान २०० तास उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात. त्या १०० तासांत २० तासांचा दूरचा प्रवास असतो आणि त्यात एक सफर किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची, वाटेत दोन अन्य विमानतळांवर पूर्ण थांबा घेऊन केलेली असावी लागते. शिवाय बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाचे १० तास आणि रात्रीच्या उड्डाणाचे ५ तास लागतात. एकट्याने केलेल्या तासांवर नियमांचा इतका भर असण्याचे कारण असे की, शेजारी शिक्षक बसलेला असताना निर्णयाचा अखेरचा भार विद्यार्थ्यावर कधीच पडत नाही. ढग दाटून आल्यावर पुढे जावे की मागे फिरावे हा प्रश्न त्याच्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहतो तो शेजारची खुर्ची रिकामी असताना.

महाराष्ट्रात या प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला, जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते जुहूला उतरले तेव्हा देशातील नियमित हवाई सेवेचा आरंभ झाला. जुहूच्या भोवती मुंबई वाढत गेली आणि शिकाऊ विमानांना मोकळे आकाश उरले नाही, तेव्हा प्रशिक्षण राज्याच्या आतल्या भागाकडे सरकले. आज धुळे, बारामती, गोंदियाजवळील बिरसी आणि नागपूर ही राज्यातील प्रशिक्षणाची ओळखीची ठिकाणे आहेत. नांदूरघाटच्या दृष्टीने बारामती त्यातल्या त्यात जवळची. खर्च मात्र कोठेही थोडा नाही. व्यावसायिक परवान्यापर्यंत साधारण अर्धा कोटी रुपये किंवा त्याहून अधिक लागतात, आणि ज्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात जातात त्या तालुक्यात हा आकडा ऐकून बहुतेक घरांतली चर्चा तेथेच थांबते. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाच्या ‘महाज्योती’ संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये या प्रशिक्षणाची योजना सुरू केली; तिच्या जागा मोजक्या आहेत, पण वडिलांच्या जमिनीचा सातबारा गहाण न टाकता सीपीएलपर्यंत जाण्याचा तो एक खरा मार्ग आहे.

सीपीएल हाती आला म्हणजे विमान कंपनीची नोकरी मिळाली असे होत नाही. प्रशिक्षणातील दोन किंवा चार आसनी विमान आणि १८० प्रवाशांचे एअरबस ए-३२० यांत फार मोठे अंतर असते. एसटीच्या चालकाला परवान्यासोबत प्रवासी वाहनाचा बॅज घ्यावा लागतो, तसाच प्रकार येथे आहे: प्रत्येक जातीच्या मोठ्या विमानासाठी ‘टाइप रेटिंग’ नावाची वेगळी मान्यता घ्यावी लागते, आणि ए-३२० ची मान्यता असणाऱ्याला बोइंग ७३७ किंवा एटीआर-७२ चालवता येत नाही. हे प्रशिक्षण सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमानाच्या पुढच्या कक्षाची हुबेहूब हालती प्रतिकृती असलेल्या यंत्रात, पार पडते. नंतर उमेदवार ‘फर्स्ट ऑफिसर’, म्हणजे सहवैमानिक, म्हणून उजव्या आसनावर बसतो. एकूण १,५०० तासांचा अनुभव व त्यातील रात्रीच्या, उपकरणांवरील आणि दूरच्या उड्डाणांचे ठरलेले प्रमाण पुरे करून, पुन्हा लेखी परीक्षा देऊन सर्वोच्च परवाना मिळाला आणि कंपनीच्या स्वतःच्या कसोट्या पार पडल्या, की डावे आसन आणि खांद्यावरची चौथी पट्टी मिळते.

या वाटेवर महाराष्ट्रातील स्त्रिया फार आधीपासून आहेत. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे कोलकाता–सिलचर मार्गावरील फोकर फ्रेंडशिप विमान कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी नेले, तेव्हा विमानातील सर्व कर्मचारी महिला होत्या. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के मानले जाते आणि जागतिक सरासरीच्या ते कितीतरी पुढे आहे. परवान्याच्या नियमांत स्त्री-पुरुष असा भेद नाही.

वैमानिकाचे प्रत्यक्ष काम प्रवासी विमानात चढण्याच्या बरेच आधी सुरू होते. दोघे वैमानिक मार्गाचा आराखडा, हवामानाचे अहवाल, विमानतळांबाबतच्या सूचना आणि विमानातील प्रलंबित दुरुस्त्यांची नोंद पाहतात आणि इंधन किती घ्यायचे याचा निर्णय करतात. इंधनाचा हिशोब थरांचा असतो: जमिनीवर फिरण्यासाठी, प्रवासासाठी, प्रवासाच्या सुमारे पाच टक्के इतके अनपेक्षित कारणांसाठी, मुक्कामी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यासाठी, आणि या सगळ्यानंतर तीस मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे अखेरचे राखीव. मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला जाणारे विमान तासाभराच्या आत पोहोचते, पण तेथील चिकलठाणा विमानतळावर वादळ आले तर ते मुंबईला परतू शकेल किंवा नागपूर गाठू शकेल इतके इंधन त्यात असावे लागते. ए-३२० ताशी दोन ते अडीच टन इंधन जाळते, त्यामुळे शेवटची तीस मिनिटे म्हणजे एक टनाहून अधिक इंधन. उतरताना हे राखीव वापरावे लागेल असे दिसताच ‘मेडे फ्युएल’ असा पुकारा करणे वैमानिकावर बंधनकारक आहे; हा पुकारा होताच इतर विमाने बाजूला करून त्याला वाट दिली जाते. अधिक इंधन म्हणजे अधिक वजन आणि अधिक खर्च हे कंपनीला कळते, परंतु आराखड्यापेक्षा जास्त इंधन मागण्याचा अंतिम अधिकार कॅप्टनकडेच असतो.

वजनाचा हा प्रश्न उन्हाळ्यात मराठवाड्यात विशेष तीव्र होतो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनांचा जोर दोन्ही घटतात, आणि त्याच विमानाला जमीन सोडण्यासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या वेळचे तापमान, वारा, धावपट्टीची लांबी आणि विमानाचे वजन धरून तीन वेग काढले जातात. पहिला निर्णयवेग: तोपर्यंत काही बिघडल्यास विमान उरलेल्या धावपट्टीवर थांबवता येते, त्यानंतर मात्र एक इंजिन बंद पडले तरी उडावेच लागते. दुसरा रोटेशनचा, म्हणजे विमानाचे नाक उचलण्याचा वेग, आणि तिसरा एका इंजिनावरही सुरक्षित चढता येईल असा वेग. धावपट्टीवर धावताना कॅप्टनचा हात इंजिनांचा जोर ठरवणाऱ्या दांड्यांवर असतो, म्हणजे गरज पडली तर क्षणात जोर काढून घेता यावा. शेजारचा वैमानिक निर्णयवेगाचा पुकारा करतो आणि त्याच क्षणी कॅप्टन आपला हात दांड्यांवरून उचलून घेतो. थांबण्याचा विचारही आता मनात येऊ नये, म्हणून हाताला लावलेली ही शिस्त आहे.

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे, उड्डाण क्रमांक ४९१ चे विमान तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मुंबईकडे निघाले. विमानात ११८ जण होते. धावपट्टीच्या अगदी टोकाशी विमानाने जमीन सोडली, आणि पलीकडून जाणाऱ्या रस्त्यावरील दाबलेल्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला त्याचे डावे चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग धडकला. पुढे काही अंतरावर ते उच्च दाबाच्या वीजतारांना लागून जमिनीवर कोसळले. ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत दोन कारणे पुढे आली: वैमानिकांनी नाक उशिरा उचलले आणि ते उचलण्याची पद्धतही चुकली, हे एक, आणि उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने रोखली नाही, हे दुसरे.

ही दोन कारणे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. नाक उशिरा उचलण्याची चूक घडूनही, रस्ता मोकळा असता तर विमान त्या ट्रकला धडकले नसते. आणि नाक वेळेवर उचलले असते तर ट्रक रस्त्यावर असूनही त्याला काही झाले नसते. विमान अपघात बहुधा असेच, एकाहून अधिक त्रुटी एका क्षणी एका रेषेत आल्यावर घडतात. त्यातून वैमानिकाच्या कर्तव्याची जी व्याख्या निघते ती कठोर आहे: दुसऱ्या यंत्रणेने आपले काम केलेच असेल असे गृहीत धरून स्वतःचे काम सैल करण्याची मुभा त्याला नाही. कापसाच्या हंगामात गाठींनी भरलेले ट्रक पाहणे मराठवाड्यातील कोणालाही नवे नाही. ते दृश्य विमान अपघाताच्या अहवालात वाचायला मिळावे, हेच या घटनेचे दारुण वेगळेपण आहे.

विमान उंचीवर पोहोचल्यावर स्वयंचलित यंत्रणा ते चालवते आणि वैमानिक निवांत बसतात, असे प्रवाशांना वाटते. एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसाची सायंकाळ या समजाला छेद देते. त्या दिवसांत मराठवाड्यावर उभे राहणारे गर्जणारे ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतात, म्हणजे प्रवासी विमानांच्या नेहमीच्या दहा-बारा किलोमीटर उंचीच्याही वर जातात, आणि त्यांच्या पोटात वर-खाली वाहणारे झोत, वीज व गारा असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने या भागातील रब्बी पिके आणि फळबागा झोडपल्या होत्या. त्याच गारा आकाशात ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या विमानाला भेटल्या तर काय होते, हे मे २०२५ मध्ये दिल्ली–श्रीनगर मार्गावरील इंडिगोच्या विमानाचे फुटलेले नाक पाहून सर्वांना कळले. ते विमान वैमानिकांनी सुखरूप उतरवले. विमानाच्या नाकातील रडारवर असे ढग लाल रंगात दिसतात. त्यांच्यापासून सुमारे वीस सागरी मैल, म्हणजे सदतीस किलोमीटर, दूर राहण्याचा संकेत असून, त्यासाठी वैमानिक मुंबईच्या नियंत्रण कक्षाकडे ठरलेल्या मार्गावरून डावीकडे किंवा उजवीकडे हटण्याची परवानगी मागतो. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे: २०१५ आणि २०१९ च्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगांत औरंगाबादहून उडणाऱ्या छोट्या विमानांचे वैमानिक, इतर सगळे ज्यांना टाळतात त्या ढगांच्या शोधात मुद्दाम निघत असत. दुष्काळी गावांनी डोळे लावून पाहिलेले विमान बहुधा तेच.

प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात ते एक थकल्यास दुसऱ्याने चालवावे म्हणून नव्हे. प्रत्येक फेरीत एक जण ‘चालवणारा’ आणि दुसरा ‘लक्ष ठेवणारा’ अशी भूमिका ठरते, आणि ती पदावर अवलंबून नसते; कॅप्टन लक्ष ठेवणारा आणि सहवैमानिक चालवणारा, असेही रोज घडते. लक्ष ठेवणाऱ्याने वेग, उंची, चाके, पंखांच्या पट्ट्या यांवर नजर ठेवून चूक दिसताच ती मोठ्याने बोलायची असते. वरिष्ठाला टोकण्याचा संकोच जगभर महागात पडला आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मरण पावले, त्यात परवानगीविना निघालेल्या ज्येष्ठ कॅप्टनला त्याच्या कनिष्ठांनी पुरेशा ठामपणे अडवले नव्हते. त्यानंतर दोघांच्या परस्पर-संवादाचे प्रशिक्षण सर्वत्र सक्तीचे होत गेले. ‘साहेब’, ‘सर’ या शब्दांना ज्या समाजात मोठा मान आहे, तेथे हे प्रशिक्षण अधिक अवघड जाते, हे मान्य केले पाहिजे.

उतरण्याच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. ढगांतून येताना जमिनीपासून हजार फुटांवर विमान ‘स्थिर’ असले पाहिजे: चाके बाहेर, पट्ट्या योग्य जागी, वेग ठरलेला, खाली येण्याचा दर मर्यादेत आणि विमान धावपट्टीच्या रेषेत. यातले काहीही बिनसले तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे, याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. असे वर गेल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारला जाऊ नये, असे भारतातील धोरण आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री दुबईहून १९० जणांना घेऊन येणारे एअर इंडिया एक्सप्रेसचे १३४४ क्रमांकाचे उड्डाण कोळिकोडच्या टेकडीवरील धावपट्टीवर पावसात उतरताना या नियमाची कसोटी लागली. विमानाचे प्रमुख, मूळचे नागपूरचे कॅप्टन दीपक साठे, हे हवाई दलातील निवृत्त विंग कमांडर होते आणि त्यांच्या नावावर दहा हजारांहून अधिक तास होते. पहिल्या प्रयत्नात ते नियमाप्रमाणे वर गेले. दुसऱ्या प्रयत्नात विमान पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात, सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीचा जवळजवळ अर्धा भाग ओलांडून टेकले, टोकावरून पुढे गेले आणि दरीत कोसळून तुटले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

चौकशी अहवालाने स्थिर नसलेले उतरणे चालू ठेवणे हे मुख्य कारण ठरवले. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ असा पुकारा केला होता, पण त्याने नियंत्रण स्वतःकडे घेतले नाही, याचीही नोंद झाली. त्याचबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कोळिकोडला वेळेत परतण्याची कॅप्टनची तीव्र इच्छा आणि त्या तळावर पुरेसे कॅप्टन नसण्यामागचे कंपनीचे मनुष्यबळ धोरण यांकडेही अहवालाने बोट दाखवले. अनुभवी आणि कर्तव्यनिष्ठ माणूस दुसऱ्या दिवशीच्या कामाची काळजी वाहत असताना आजच्या क्षणाचा निर्णय चुकवू शकतो, हे या अहवालातील सर्वात अस्वस्थ करणारे वाचन आहे. आणि म्हणूनच केवळ तासांच्या संख्येवरून पात्रता मोजणे अपुरे ठरते. प्रत्येक वैमानिकाला वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते आणि त्यात निर्णयवेगाच्या आसपास इंजिन बंद पडण्याचा प्रसंग असतो. वीस वर्षे कॅप्टन असलेल्यालाही या परीक्षेतून सूट नाही.

कॅप्टनला मिळालेले अधिकार या जबाबदारीच्या मानानेच मोठे आहेत. सुरक्षेसाठी अपरिहार्य असल्यास तो नियमसुद्धा बाजूला ठेवू शकतो. १९६३ च्या टोकियो करारानुसार, ज्यासाठी भारताने १९७५ मध्ये कायदा केला, विमानातील धोकादायक व्यक्तीला बांधून ठेवण्याचा आणि वाटेत उतरवण्याचा अधिकारही त्याला आहे. बेशिस्त प्रवाशांना ठरावीक काळ विमानबंदी करण्याची तीन पायऱ्यांची नियमावली सप्टेंबर २०१७ मध्ये आली. त्याच वर्षी मार्चमध्ये नांदूरघाटच्या शेजारील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, मतदारसंघाच्या तत्कालीन खासदाराने विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यास मारहाण केल्याचे प्रकरण देशभर गाजले होते. बंदीची प्रक्रिया सुरू होते ती कॅप्टनच्या लेखी तक्रारीने.

स्वतःच्या शरीराबाबतचे कर्तव्य मात्र अधिक खासगी आणि अधिक कठीण असते. उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य आहे आणि श्वासतपासणीत दोषी ठरल्यास पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी तीन वर्षे परवाना स्थगित होतो, तर तिसऱ्या वेळी तो रद्द होतो. मद्यार्क असलेल्या माउथवॉशने चूळ भरणेही टाळावे लागते. पण थकवा मोजणारी नळी अद्याप निघालेली नाही. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची सावधता सर्वात कमी असते, आणि विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात नेमकी हीच वेळ स्वस्त तिकिटांसाठी वापरली जाते. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ड्युटीचे नियम बदलून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, ‘रात्र’ सकाळी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या उतरण्यांची मर्यादा सहावरून दोनवर आणली. कंपन्यांच्या विरोधामुळे आणि दिल्ली उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर हे बदल १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. दुसऱ्या टप्प्यासाठी लागणारे वैमानिक इंडिगोकडे पुरेसे नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसात हजाराहून अधिक फेऱ्या रद्द होण्यापर्यंत वेळ आली, आणि ५ डिसेंबरला रात्रीच्या ड्युटीच्या काही अटींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली. आपण उड्डाणास योग्य नाही असे वाटल्यास ड्युटी नाकारणे हे वैमानिकाचे कर्तव्यच ठरते. परंतु वेळापत्रक माणसांच्या संख्येपेक्षा मोठे केले की हे कर्तव्य पार पाडणाऱ्या वैमानिकाकडे कंपनी अडथळा म्हणून पाहू लागते, आणि वैमानिकांच्या संघटनांची तक्रार नेमकी याच मुद्द्यावर आहे.